भुई हलत राहते तेव्हा

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता ४६
सोबत वाचा : १ राजे १९:१-१३, लूक १३:१-५, प्रेषितांची कृत्ये १६:२५-३४



आजचं स्तोत्र तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. निदान पहिलं आणि दहावं वचन तरी. मोबाईलच्या वॉलपेपरवर, चर्चच्या कॅलेंडरवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या सकाळच्या मेसेजमध्ये ही दोन वचनं आपण कितीदा तरी पाहतो. मागे डोंगर, धुकं, एखादं शांत तळं. पण स्तोत्र उघडलं की दुसऱ्या-तिसऱ्या वचनात शांत तळं सापडत नाही. तिथे जमीन उलथते आहे, डोंगर समुद्रात घसरत आहेत, पाणी खवळलं आहे. म्हणून एक विनंती करते. पुढे वाचण्याआधी बायबल हातात घ्या, अकराही वचनं सावकाश वाचा आणि मग इथे परत या.

वाचलंत? आता हेच स्तोत्र आपण डहाणू आणि तलासरी तालुक्यांत उभं राहून वाचूया. कारण तिथे जमीन हलणं ही कवीची कल्पना नाही.

एक धक्का नाही, मालिका

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी हे नाव तेव्हा सगळ्या बातम्यांत आलं. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवशी अनेक धक्के बसले. त्यातला सर्वांत मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशी पळापळीत एक लहान लेकरू दगावलं. घरांच्या भिंतींना तडे गेले. लोक अंगणात, शेतात, तंबूत झोपू लागले. शाळा इमारतीबाहेर भरू लागल्या.

आकड्यांच्या भाषेत ४.१ म्हणजे हलका धक्का. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत झालेला भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. त्यात बाहेर पडलेली ऊर्जा हजारपटीहून जास्त होती आणि त्या एका पहाटेत हजारो माणसं गेली. त्या मानाने डहाणूचं नुकसान कमी, असं लांबून म्हणता येतं. पण इथल्या धक्क्यांचा स्वभाव वेगळा आहे. शास्त्रज्ञ याला भूकंपांची मालिका म्हणतात. एक मोठा धक्का, मग छोटे छोटे आणि मग शांतता, असा क्रम इथे नाही. लहान धक्के येत राहतात. केंद्र जमिनीखाली फार खोल नसल्यामुळे सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो. आज येईल की उद्या, दुपारी की रात्री दोन वाजता, आणि यानंतरचा मोठा असेल का, हे कोणी सांगू शकत नाही.

२०२० साली तर अजब वेळ आली. कोरोनामुळे सरकार सांगत होतं, घराबाहेर पडू नका. आणि पायाखालची जमीन सांगत होती, घरात थांबू नका.

मी हे सगळं एवढं सविस्तर का सांगते आहे? कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचं दुःख किल्लारीसारखं नसतं, डहाणूसारखं असतं. एका रात्रीत सगळं कोसळलं असं नसतं. पण बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा आहे. इंटरव्ह्यू झाला की "कळवतो" म्हणतात आणि कळवत नाहीत. घरातलं भांडण दोन दिवस थांबतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा भांड्याला भांडं लागतं. लोक विचारतात, "काय झालंय तुला?" आणि सांगण्यासारखं एक मोठं कारण आपल्याकडे नसतं. धक्के मात्र बसत राहतात. अशा माणसाला आजचं स्तोत्र काय देतं?

आधी एक जुनी गोष्ट दूर करूया

संकट आलं की कोणीतरी हळूच म्हणतं, "काहीतरी पाप असेल." भूकंपाच्या बाबतीत असं बोलणारे सगळ्या धर्मांत भेटतात, आपल्यातही भेटतात. लूकच्या १३ व्या अध्यायात प्रभू येशूने यावर स्पष्ट उत्तर दिलं आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न त्याने स्वतःच मांडला आणि स्वतःच 'नाही' म्हटलं. मग त्याने ऐकणाऱ्यांना स्वतःच्या पश्चात्तापाकडे वळवलं. म्हणजे दुसऱ्याचं घर पडलं की त्याची पापं मोजू नका, स्वतःचं मन तपासा.

पवित्र शास्त्रातल्या लोकांना भूकंप नवा नव्हता. आमोसाच्या पुस्तकाचं पहिलंच वचन काळ सांगताना एका भूकंपाची खूण देतं. आमोसाचं दर्शन त्या भूकंपाच्या दोन वर्षं आधीचं. उज्जीया राजाच्या काळातला तो भूकंप इतका लक्षात राहिला की कितीतरी पिढ्यांनंतर जखऱ्या (१४:५) लोकांच्या त्या पळण्याची आठवण देतो. म्हणजे ज्यांनी हे स्तोत्र गायलं, त्या समाजाने घर सोडून पळणं पाहिलेलं होतं. ज्याला जमीन हलणं माहीत होतं, त्याच्या तोंडी हा भरवसा आहे.

डळमळणं : एक शब्द, तीन वेळा

स्तोत्र ४६ मध्ये मूळ इब्री भाषेतलं एक क्रियापद तीनदा येतं. त्याचा अर्थ डळमळणं, ढळणं. दुसऱ्या वचनात डोंगर ढळतात. सहाव्या वचनात राज्यं ढळतात. आणि या दोघांच्या मध्ये, पाचव्या वचनात, देवाच्या नगराविषयी तोच शब्द 'नाही' लावून येतो. ते ढळणार नाही, कारण देव त्याच्या आत आहे.

इथे नीट पाहा. डोंगर ढळणार नाहीत असं स्तोत्रकर्ता म्हणत नाही. राज्यं टिकतील असंही म्हणत नाही. निसर्ग हलेल, राजकारण हलेल, हे तो धरूनच चालला आहे. त्याची आशा आजूबाजूची हालचाल थांबण्यावर टांगलेली नाही. मध्ये कोण आहे, यावर ती उभी आहे. आपण मात्र बहुतेक वेळा उलट प्रार्थना करतो : "प्रभू, हे सगळं थांबव, म्हणजे मी तुझ्यावर भरवसा ठेवीन." थांबव म्हणायला हरकत नाही, जरूर म्हणावं. पण भरवसा थांबण्याच्या आधीच सुरू होऊ शकतो, हे या स्तोत्राचं म्हणणं आहे.

पहिल्या वचनात संकटासाठी जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी 'अरुंद जागा' हा अर्थ आहे. आपल्या मराठीत हे लगेच कळतं. अडचण म्हणजे संकटही आणि अडचण म्हणजे दाटीवाटीही. "खोलीत फार अडचण झालीय" असं आपण सहज म्हणतो. आणि त्या अडचणीत देव कसा आहे? मूळ शब्द सांगतात, भरपूर सापडणारा. शोधून शोधून कुठेतरी दूर मिळणारा नाही, तर त्याच अरुंद जागेत हाताला लागणारा.

पाचव्या वचनात अजून एक बारीक गोष्ट आहे. देव मदत करतो ती पहाट होताना. ज्याने कधी रात्र बाहेर काढली आहे, त्याला पहाटेची किंमत सांगावी लागत नाही. स्तोत्र रात्र नाकारत नाही. रात्रीला शेवट आहे, एवढं सांगतं.

भीती म्हणजे अविश्वास का?

माझी एक मावशी तलासरीजवळच्या गावात राहते. धक्के जोरात होते त्या दिवसांत ती रात्री दाराला कडी लावत नव्हती. उशाशी बॅटरी, चपला आणि पिशवीत कागदपत्रं. रोज संध्याकाळी घरात प्रार्थना होत होती आणि प्रार्थना झाल्यावर गोधडी अंगणात जात होती. मी फोनवर विचारलं, "मावशी, भीती वाटते का गं?" ती म्हणाली, "देवावर भरवसा हाय गं. पण मांडणीतली भांडी वाजली का पाय आपोआप दाराकडं जातात. पाय काय बायबल वाचतात?"

मला तिचं उत्तर फार आवडलं. शरीर घाबरतं. ते देवानेच तसं बनवलं आहे, म्हणून आपण जिवंत राहतो. स्तोत्र म्हणतं की आम्ही भिणार नाही, पण त्याचा अर्थ छाती धडधडणार नाही असा होत नाही. भीतीला शेवटचा शब्द बोलू देणार नाही, असा होतो. अंगणात झोपणं हा अविश्वास नाही. तडे गेलेल्या भिंतीखाली मुद्दाम झोपून "मला प्रभू राखील" म्हणणं हाही विश्वास नाही. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतानाने सुचवलं तेव्हा येशूने नकार दिला होता (मत्तय ४:५-७). तसंच गोळी घेणं, डॉक्टरकडे जाणं, समुपदेशकाशी बोलणं यात विश्वास कमी पडल्याची खूण नाही. ते अंगणात गोधडी टाकण्यासारखं आहे.

एलीया : आधी भाकर, मग वचन

१ राजे १९ मध्ये एलीया थकून एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवणारा हाच संदेष्टा. एवढ्या मोठ्या विजयानंतर ईजबेलीची एक धमकी येते आणि तो मोडतो. देव त्याला काय करतो? रागावत नाही. "तुझा विश्वास कुठे गेला?" असं विचारत नाही. झोपू देतो. देवदूत उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला सांगतो, कारण पुढचा प्रवास लांबचा आहे.

पुढे होरेब डोंगरावर वारा सुटतो, भूकंप होतो, आग लागते. परमेश्वर त्या तिन्हींत नव्हता. नंतर एक मंद, हळू आवाज आला आणि एलीयाने अंगरख्याने तोंड झाकलं.

ज्यांना वाटतं की संकटाचा हादरा हाच देवाचा आवाज, त्यांनी हा भाग पुन्हा वाचावा. हादरा हादराच असतो. देव त्यानंतर बोलतो, हळू बोलतो, आणि बोलण्याआधी जेवू घालतो. अतिशय वाईट दिवशी तुम्हाला एक तासाची प्रार्थना जमली नाही, फक्त डाळभात खाऊन झोपता आलं, तर तेही कृपेतच मोजा.

फिलिप्पैतली मध्यरात्र

प्रेषितांची कृत्ये १६ मधला भूकंप आपण गाण्यांसाठी लक्षात ठेवतो. पौल आणि सीला फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना स्तुती करत होते. भूकंप झाला, दारं उघडली, बेड्या सुटल्या. पण या गोष्टीतला सर्वांत हादरलेला माणूस कैदी नव्हता, बंदिशाळेचा नायक होता. कैदी पळाले असणार असं समजून त्याने तलवार उपसली, स्वतःवर चालवायला. एका क्षणात त्याची नोकरी, अब्रू, भविष्य सगळं गेलं असं त्याला वाटलं.

पौलाने अंधारातून मोठ्याने ओरडून त्याला थांबवलं. स्वतःला इजा करू नकोस, आम्ही कोणी कुठे गेलेलो नाही, असं सांगितलं. तारणाचा प्रश्न त्या माणसाने नंतर विचारला. आधी त्याला कळलं की तो समजत होता तेवढा एकटा नाही. मग त्याच रात्री त्याने पौल-सीलाच्या जखमा धुतल्या, त्यांना घरी नेऊन जेवू घातलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी आज त्या नायकाच्या जागी असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर कृपा करून हे वाक्य माझ्याकडून ऐक : स्वतःला काही करून घेऊ नकोस. आत्ता, आजच, एका माणसाला सांग. ताई, दादा, मित्र, पाळक, कोणीही. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. फोन करणं म्हणजे पौलाच्या आवाजाला ओ देणं.

आणि बाकीच्यांसाठी : कोणाच्या तरी अंधारात मोठ्याने ओरडायची पाळी आपली आहे. "मी इथेच आहे" एवढं पुरतं. पहिल्याच मिनिटाला वचन पाठवायची घाई करू नका.

मदतीला अट नसते

डहाणू-तलासरीत ख्रिस्ती सेवेची मुळं जुनी आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ब्रदरन मिशनने डहाणूत काम सुरू केलं, दवाखाना चालवला. १९७० साली उत्तर भारतातल्या मंडळ्यांचं ऐक्य झालं, त्यात ब्रदरन मंडळीही सामील झाली. तलासरीला जेझुइट फादरांचं ज्ञानमाता सदन आदिवासी मुलामुलींच्या शिक्षणासाठी ओळखलं जातं. या सेवेचं मोल कशात आहे? आजाऱ्याला औषध देताना आणि मुलाला अक्षर शिकवताना "तू कोणाचा?" हा प्रश्न मध्ये आणायचा नाही, यात. देव चांगल्यावर आणि वाइटावर सारखाच सूर्य उगवतो, असं प्रभूने शिकवलं (मत्तय ५:४५). भूकंपही पाडे निवडून येत नाही. मग आपली ताडपत्री, आपलं पांघरूण, आपला वेळ तरी निवडून का जावा? मदतीच्या बदल्यात कोणाचं मन मागणं हा सौदा झाला. आशा अशी विकता येत नाही, ती फक्त वाटता येते.

हात सैल सोडा

आता दहावं वचन. वॉलपेपरवालं. आपण ते "मनाला शांत कर" असं ऐकतो. पण त्याच्या आधीच्या नवव्या वचनात देव धनुष्य मोडतो, भाला तोडतो, रथ जाळतो. म्हणजे बोलणं लढणाऱ्यांशी चाललं आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ सैल पडणं, हात खाली सोडणं असा आहे. घट्ट वळलेली मूठ उघडणं.

कठीण दिवसांत आपली मूठ कशावर वळलेली असते? पुढचा धक्का कधी, याच्या हिशेबावर. रात्री दोन वाजता मोबाईलवर लक्षणं शोधण्यावर. "मी सांभाळलं नाही तर सगळं पडेल" या ओझ्यावर. देव म्हणतो, जे तुझ्या हातात आहे ते कर : कागदपत्रं पिशवीत ठेव, गोळी वेळेवर घे, अर्ज भर. आणि जे तुझ्या हातात नाही, त्यावरची मूठ उघड. देव मी आहे, तू नाहीस. हे ऐकून आधी थोडा अपमान वाटतो, आणि मग किती हलकं वाटतं!

मित्रांनो, डहाणू-तलासरीतले लोक आजही शेतात जातात, चिकूच्या वाड्यांत कामाला जातात, लग्नं करतात, लेकरांना शाळेत घालतात. पुढे धक्का बसणार नाही याची लेखी हमी कोणी त्यांना दिलेली नाही. हमीशिवाय पेरणी करणं, यालाच आशा म्हणतात. आपली आशा तर त्याहून खोल आहे, कारण मत्तय सांगतो की येशू वधस्तंभावर मेला तेव्हाही भूमी कापली, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कबरेपाशीही कापली (२७:५१, २८:२). त्या दोन हादऱ्यांच्या मध्ये शिष्यांनी जो शनिवार काढला, तो आपल्यालाही ओळखीचा आहे. त्यांना रविवार माहीत नव्हता. आपल्याला माहीत आहे.

आज एवढंच करूया

१. स्तोत्र ४६ मोठ्याने वाचा. 'सेला' आलं की थांबा, तीन श्वास घ्या. तीनदा येतं.
२. एका कागदावर दोन रकाने करा : माझ्या हातात काय, देवाच्या हातात काय. दुसरा रकाना वाचून तळहात उघडा.
३. ज्याच्या घरी धक्के चालू आहेत अशा एकाला आज फोन करा. उपदेश नको. "जेवलास का?" हे विचारा.

प्रार्थना

हे देवबापा, जमीन हलते आणि आम्ही घाबरतो, हे तुला ठाऊक आहे. डहाणू आणि तलासरीतल्या प्रत्येक पाड्यावरच्या लेकरांना आज रात्री शांत झोप दे. ज्यांच्या घरी आजार आहे, ज्यांना काम नाही, ज्यांच्या मनात अंधार आहे, त्यांच्या अडचणीच्या जागेत तू सापड. आम्हाला भाकर दे, झोप दे आणि मग तुझा हळू आवाज ऐकू दे. आमच्या वळलेल्या मुठी उघड. आणि कोणाच्या तरी मध्यरात्री "मी इथेच आहे" म्हणायला आम्हाला पाठव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.